पप्पाचा डावा हात

२८ सप्टेंबर, रविवार

हे रजिस्टर वालीवच्या कारखान्यातलं. कारखाना सिल्वासाला हलला तेव्हा लोकांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या, एकाने तर पाण्याचं पिंप रिक्षात घालून नेलं. मी तीन कोरी रजिस्टरं आणली. पानावर चार रकाने छापलेत: दिनांक, नग, माप, शेरा. बारा वर्षं मी यात बाटल्यांच्या झाकणांची मापं लिहिली आणि शेऱ्यात ‘ओके’ किंवा ‘नापास’. मागून मला ‘इझाबेल मायक्रोमीटर’ म्हणायचे. मला माहीत होतं, आणि आवडायचंही. एकदा एका ऑपरेटरने मोठी आलेली झाकणं कानशीने घासून मापात बसवली होती. मी अख्खा लॉट परत पाठवला आणि त्याला सगळ्यांदेखत झापलं, की माल बिघडून येतोय तर घासत काय बसलास, मशीन थांबव, साचा बघ. बिचारा रडायचाच बाकी होता.

आता यात रोजनिशी लिहिणार, कारण आज पप्पाने शेवटी हो म्हटलं. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण ती लिहायला मला कुणी शिकवलं नाही. म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते. पप्पाने वाचलं तर म्हणेल, मी असा बोलतो काय?

काम असं आहे. पप्पाने चाळीस वर्षं आमच्या वसईतल्या नंदाखालच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवला. करोनात बँडमधले दोघं गेले, बँड मोडला, ड्रम खुंटीला लागला. त्या ड्रमचा एकेक ठोका मी टॅबलेटवर रेकॉर्ड करणार. हळू, मध्यम, जोरात, उजव्या हाताचा, डाव्या हाताचा. मग प्रत्येक ठोका कापून, साफ करून पडद्यावरच्या चौकोनांवर बसवायचा. चौकोनावर बोट मारलं की पप्पाचा ठोका वाजणार. याला ड्रम किट म्हणतात. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा संकेत आता चंदनसारला घरी बसून लग्नाच्या व्हिडिओंना संगीत लावून देतो. तो म्हणतो, सगळे बाहेरचेच ड्रम वापरतात, आपल्याकडचा आवाज कुणाकडेच नाही. नाताळ झाला की इथे लग्नं सुरू होतात. त्याआधी किट बाहेर यायला हवं. सदतिसाव्या वर्षी मला परत कुणाची झाकणं मोजायची नाहीत.

आई टॅबलेटला पाटी म्हणते. ‘बसली पाटी घेऊन.’

१ ऑक्टोबर, बुधवार

पहिलं रेकॉर्डिंग. आतल्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद, खिडकीला उशी. पप्पा बाहेर आला तो बँडचा पांढरा शर्ट घालून. कडक इस्त्री, मनगटाची बटणं लावलेली.

‘पप्पा, फक्त आवाज घ्यायचाय. फोटो नाही.’

‘ड्रम गळ्यात घालायचा तर शर्ट लागतो,’ म्हणाला. मार्सेल मास्तरांचा नियम! बँडमध्ये पप्पाला हेच म्हणायचे. घामाने भिजला पण शर्ट काढला नाही.

पहिल्या तासात फक्त कावळे रेकॉर्ड झाले. मग शेजारची पाण्याची मोटर. मग दारावर मासळीवाली. माझं डोकं फिरलं. पप्पा मात्र शांत, प्रत्येक ठोक्यानंतर काडी वर धरून थांबायचा आणि विचारायचा, ‘बरोबर आला?’ मी पडद्यावर बघून सांगायचे, ‘ओके.’ की पुढचा.

शेवटी सलग वाजवायला सांगितलं. त्याच्या कानात लय धरून देणारी टकटक लावली, त्यावर त्याने लग्नाची चाल वाजवली. पडद्यावर प्रत्येक ठोका छोट्या डोंगरासारखा दिसतो आणि टकटकीच्या जागी उभ्या रेघा. उजवा हात बरोबर रेघेवर. डावा मात्र दर वेळी बारा मिलिसेकंद मागे. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. माणसाच्या कानाला कळणार नाही, पण मला दिसतं ना.

‘पप्पा, तुझा डावा मागे आहे.’

‘असणारच. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरनं पाणी आणायला जातात, तेव्हा बायकांच्या डोक्यावर भरलेली कळशी असते. सरळ वाजवलंस तर त्या धावतील आणि पाणी सांडेल. डावा हात त्यांच्यासाठी थांबतो.’

मला गंमत वाटली. मोजून बघितलं, सगळीकडे बारा. एकही तेरा नाही. अकराही नाही. असला माल कारखान्यात कधी बघितला नव्हता.

डावा: १२. शेरा: ओके.

४ ऑक्टोबर, शनिवार

पप्पा वाडीत पडला. केळीचा लोंगर कापायला गेला, पाटाच्या चिखलात पाय सरकला आणि डोकं विहिरीच्या कठड्यावर. मी तिथेच होते, म्हणून मला दिसलं. उजव्या कानाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ. रक्त नाही. उठून बसला, लोंगर कुठे पडला ते आधी बघितलं.

‘आईला सांगू नको. ती डॉक्टरकडे नेईल, ते सतरा तपासण्या सांगतील, तुझा आठवडा फुकट.’

मी बरं म्हटलं. इथे खरं लिहायला हरकत नाही, माझ्याही मनात आठवड्याचंच आलं. हळद लावली. घरी टोपी घालून बसला. आईने विचारलं, घरात टोपी कशाला, तर म्हणाला, ‘वारा.’ वारा कुठे होता! दोघं हसलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एकशे चाळीस ठोके कापून झाले. कापणं सोपं नाही. ठोक्याच्या आधीचा श्वास काढायचा, नंतरची चुळबुळ काढायची. पप्पा मध्येमध्ये पुटपुटतो तेही काढायचं. डोळे चुरचुरतात, पण लॉट स्वच्छ दिसायला लागला की जिवाला बरं वाटतं.

आज परत चाल वाजवून घेतली. पप्पाचं डोकं दुखत होतं. बाम लावून बसला, अख्खी खोली बामाच्या वासाने भरली.

डावा: १४. शेरा: ओके.

१९ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर रोल घेतला. रोल म्हणजे दोन्ही हातांनी भरभर, तांदूळ सुपात पडल्यासारखा एकसंध आवाज. पप्पाचा रोल ऐकायला पूर्वी निर्मळवरनं माणसं यायची म्हणे. आज चार वेळा घेतला, चारही वेळा लंगडा. उजवा भरपूर, डावा पुसट आणि उशिरा. सत्तावीस!

‘पप्पा, डावा फार मागे राहतोय.’

‘कळशी.’

‘रोलमध्ये कसली कळशी?’

काडी फिरवून बघत बसला, काडीचाच दोष असल्यासारखा. मग म्हणाला, ‘सहा वर्षं हात लावला नाही ड्रमला. गंज चढला असेल. तुला तिकडे बरोबर दिसतंय ना?’

मी म्हटलं, ‘मी करते बरोबर. तू काळजी करू नको.’

आणि केलंही. डाव्या हाताचा डोंगर बोटाने धरायचा आणि रेघेवर ओढायचा. आवाज कमी पडला तर वाढवायचा. अर्ध्या तासात रोल असा झाला की बस्स. पप्पाला ऐकवला. ‘चांगला आहे,’ म्हणाला, आणि जाऊन झोपला. सकाळी अकराला. हल्ली दिवसा फार झोपतो.

डावा: २७. दुरुस्त केला. ओके.

२६ ऑक्टोबर, रविवार

मधले दिवस दिवाळीच्या फटाक्यांत गेले, रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं. आज घेतलं आणि भांडण झालं.

चौथ्याच मिनिटाला पप्पाच्या डाव्या हातातली काडी पडली. उचलली. परत पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ती गोधडीखाली गेली आणि मी ओरडले, ‘पप्पा, लक्ष दे ना जरा! किती वेळा तेच तेच करायचं?’ माझा आवाज, काडीचा आवाज, सगळं रेकॉर्ड झालं. ते कापून टाकलं.

पप्पा एकदम उठला. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटला. ‘ही चौकट कुणी हलवली?’ म्हणाला. मला वाटलं, राग काढतोय.

आईने मला घेतलं फैलावर. ‘एकाहत्तर वर्षांचा आहे तो. तुझ्या कारखान्यातला कामगार नाही.’ मी म्हटलं, त्याचं मन लागत नाही, दुसरं काय. आई म्हणाली, हल्ली त्याचं कशातच मन नाही, चहासुद्धा सांडतो.

डावा: ४४. दुरुस्त केला.

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. संध्याकाळी सगळं गाव दफनभूमीत. कबरींवर फुलं, मेणबत्त्या, धूर. पप्पा आधी आजी-आजोबांकडे गेला, मग बँडच्या माणसांकडे. ट्रंपेटवाला, बेस ड्रमवाला, झांजावाला. आता सगळे एका रांगेत आहेत. पप्पा म्हणाला, ‘वरात निघायला तयार. माझीच वाट बघतायत.’ आईने त्याला गप्प केलं.

मेणबत्त्या त्याने उजव्या हाताने एकेक करून लावल्या. काडेपेटी मला धरायला लावली. मला वाटलं, लाडात आलाय, परवाचं भांडण मिटवतोय. म्हणून मीही प्रेमाने धरली.

परत येताना अगदी हळू चालत होता. विचारलं, ‘इझा, माझं वाजवणं बरोबर येतंय ना? खरं सांग.’

मी म्हटलं, ‘एकदम ओके. टॅबलेटमध्ये सगळं सरळ होतं, पप्पा.’

‘मग झालं,’ म्हणाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

डावा: ८०. शेरा: नापास.

ऐंशी म्हणजे आता नुसत्या कानालाही कळतं. ओढून ओढून किती ओढणार? एक ठोका ओढला की त्याची शेपटी तुटते, दुसरा वाढवला की त्याच्याबरोबर खरखर वाढते. दोन दिवस डोकं आपटलं. मग सुचलं आणि इतका वेळ का सुचलं नाही याचा राग आला. डावा हात हवाय कशाला? उजव्याचे ठोके एकापेक्षा एक सरस आहेत. त्यांचीच नक्कल केली, आवाज किंचित उतरवला, डाव्या हाताच्या चौकोनांवर बसवली. एका दुपारीत काम फत्ते. कुणाला कळणार?

संध्याकाळी ओटीवर पप्पाला ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होता. विचारतो, ‘कोण वाजवतंय?’

‘तूच.’

‘माझे दोन हात असे एकसारखे कधी होते?’

मी हसले. खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लागलं असतं त्याला, इतकं तरी कळतं मला. आई पलीकडून म्हणाली, ‘शर्ट घाल, रोझरीच्या प्रार्थनेला उशीर होतोय,’ आणि येऊन तिनेच त्याची बटणं लावली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

किट बाहेर आलं! संकेतने इंटरनेटवर चढवलं. नाव दिलं ‘मार्सेल, नंदाखाल’. त्याचा फोन, ‘इझाबेल, एकदम टाइट आहे गं. मशीनसारखा वाजवलाय काकांनी.’

पप्पाला सांगायला गेले तर झोपला होता. एक चप्पल पायात, डावी खाली. उद्या सांगेन.

१६ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारी सकाळी पप्पाने कप उचलला आणि कप नुसता सुटला. पप्पा हाताकडे बघत राहिला. मग उठला आणि डावा पाय मागेच राहिला, पडला. बोलत होता पण शब्द जड, चिकट. मी आणि शेजारच्या ॲल्रॉयने त्याला उचलून गाडीत घातलं. वसईला हॉस्पिटल, डोक्याचा फोटो. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साठलंय. आजचं नाही, जुनं. हळूहळू ठिबकत साठलेलं. पप्पा हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेतो, त्यामुळे ते थांबलं नाही. उजव्या बाजूला रक्त, म्हणून डावा हात.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘कधीपासून त्रास आहे?’

आई म्हणाली, ‘आज सकाळपासून.’

‘डोक्याला मार वगैरे?’

‘नाही हो, काही नाही.’

मी म्हटलं, ‘हो. चार ऑक्टोबरला.’

आईने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी कुठे ठेवू?

बाई म्हणाल्या, ‘म्हणजे सहा आठवडे. हातात काहीतरी फरक पडला असणार मधे. वस्तू पडणं, हात मंद होणं. कुणाच्याच लक्षात आलं नाही?’

काल ऑपरेशन झालं. दोन भोकं पाडून रक्त काढलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज हे रजिस्टर मागे उलटून बघितलं.

१ ऑक्टोबर, १२.
९ ऑक्टोबर, १४.
१९ ऑक्टोबर, २७.
२६ ऑक्टोबर, ४४.
८ नोव्हेंबर, ८०.

माझं अक्षर. तारीखवार. डॉक्टरांकडे असतात तसं. कुणाच्याच लक्षात आलं नाही? जगातल्या कुठल्याही मुलीकडे तिच्या बापाचा हात असा मिलिसेकंदात मोजून ठेवलेला नसेल, तो माझ्याकडे होता. आणि मी काय केलं? घासून मापात बसवला. शेवटी तर काढूनच टाकला, आणि सुचलं म्हणून खूश झाले.

त्या ऑपरेटरला मी सगळ्यांदेखत झापलं होतं. मला आज त्याचं नावसुद्धा आठवत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पप्पा घरी आला. डोकं सफाचट, दोन टाके. बोलणं सुधारलंय. पाय ओढतो पण चालतो. डावा हात मांडीवर पडून असतो, बोटं थोडी हलतात. बाई म्हणाल्या, व्यायाम करा, थोडा परत येईल, पूर्वीसारखा होईल असं सांगत नाही. ‘तीन आठवडे आधी आला असतात तर बहुतेक सगळा आला असता.’ बहुतेक सगळा. मी मनातल्या मनात तीन आठवडे मागे मोजले. काडी गोधडीखाली गेली त्याच सुमाराला.

७ डिसेंबर, रविवार

आज आईला सांगितलं. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार, ती मिस्सावरून आली होती. रजिस्टर तिच्यासमोर ठेवलं आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ सांगितला. पडल्याचं लपवलं तेही परत सांगितलं. मला वाटलं, ती मारेल. खरंच हवं होतं मला तसं.

तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘मी महिनाभर त्याची बटणं लावत होते. मला वाटलं, लाडावलाय. चांगलंच वाटत होतं मला.’ आणि रडायला लागली. मार्था डाबरे, जिने स्वतःच्या आईच्या मयतीतही स्वयंपाकघर सांभाळलं, ती रडली. मी तिच्या शेजारी बसले. ‘त्याला सांगितलंस?’ तिने विचारलं.

नाही म्हटलं.

‘सांग.’

नाताळ झाल्यावर सांगते म्हटलं. भित्री आहे मी.

२६ डिसेंबर, शुक्रवार

नाताळ झाला. पप्पाने एका हाताने केक कापला. नाही सांगितलं.

११ जानेवारी, रविवार

दुपारी आमच्या गल्लीवरून वरात गेली. विहिरीवरनं पाणी भरून परत. आता बँड नसतो, टेम्पोवर मोठे स्पीकर असतात. मी भांडी घासत होते आणि हातातलं पातेलं सुटलं. स्पीकरवर माझं किट! कुणीतरी त्यावर लग्नाचं नवीन गाणं बसवलंय. ठणठणीत, सरळ, एकही ठोका मागे नाही. बायका कळशा घेऊन त्यावर अक्षरशः पळत होत्या. एकीचं पाणी खांद्यावर सांडलं, सगळ्या हसल्या.

ओटीवर पप्पा खुर्चीत बसला होता. टेम्पो वळेपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, ‘हा माणूस दोन्ही उजव्या हातांनी वाजवतोय.’

मी पायरीवर बसले आणि सांगितलं. सगळं. उजव्याची नक्कल, ओढलेले ठोके, कापून टाकलेले काडी पडल्याचे आवाज. रजिस्टर आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. चष्मा मीच लावून दिला. त्याने वाचलं. बारा, चौदा, सत्तावीस. पप्पा सातवी शिकलाय, पण आकडे त्याला कळतात.

‘पप्पा, मला दिसत होतं. दर वेळी दिसत होतं. मी फक्त सरळ करत गेले. विचारलंच नाही.’

मला वाटलं होतं, रागावेल, नाहीतर मोठ्या मनाने म्हणेल जाऊ दे. दोन्हीची तयारी केली होती. तो म्हणाला, ‘मला काडी लागतच नव्हती बोटांना. दिवाळीच्या आधीपासून. रात्रीतून हात मेल्यासारखा व्हायचा. भीती वाटायची गं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तू मोजत होतीस ना. मी दर वेळी विचारायचो तुला, बरोबर आहे ना? तू म्हणायचीस ओके. मला वाटलं, काही असतं तर इझाला दिसलं असतं. तिच्या नजरेतून झाकणसुद्धा सुटत नाही.’

हे त्याने अजिबात टोचून म्हटलं नाही. कौतुकानेच म्हटलं. पायरीवर तशीच बसून राहिले. त्याने उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि मी हुंदके देऊन रडले, गल्लीतल्यांनी बघितलं तर बघू देत.

१२ जानेवारी, सोमवार

संकेतला फोन केला, किट काढून टाक म्हटलं. तो म्हणाला, ‘वेडी झालीस का? आत्ताच चालायला लागलंय.’ कारण सांगितलं तेव्हा काढतो म्हणाला. ‘पण ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडून परत नाही येणार, इझाबेल.’

माहीत आहे. या वर्षी वसईत जितकी लग्नं होतील तितक्या लग्नांत माझा बाप दोन उजव्या हातांनी वाजवणार.

१८ जानेवारी, रविवार

पप्पाने स्वतःहून सांगितलं, गोधड्या टांग. आई म्हणाली, अजून काय उरलंय? पण शर्टाला इस्त्री तिनेच केली. उजव्या मनगटाचं बटण तिने लावलं. डाव्याचं त्याने स्वतः लावायला घेतलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. दातांत जीभ धरून, घामाघूम होऊन त्याने ते लावलं. कुणी मदत केली नाही. कठीण होतं न करणं.

ड्रम गळ्यात जड होतो, म्हणून स्टुलावर ठेवला. डाव्या हातात काडी कापडाने बांधली. टॅबलेट चालू केला, पण टकटक लावली नाही. पंखा बंद केला नाही, खिडकी उघडीच. कावळे आले तर येऊ देत.

उजवा ठोका पडला. लख्ख. मग पप्पाने डावा हात उचलला, उचलला म्हणजे खांद्यापासून आणला, आणि मी वाट बघत राहिले. बाहेर शेजारची मोटर चालू झाली. मग पडला. काडी नीट लागली नाही, कड्यावर घसरली.

‘बरोबर आला?’ पप्पाने विचारलं.

माझ्या तोंडावर ते ओके आलं होतं. गिळलं.

‘नाही, पप्पा. फार उशिरा आला. दुखतंय का?’

‘हो,’ म्हणाला. ‘खांद्यात. खूप.’

मी काडी सोडवली आणि हात चोळायला घेतला.

डावा: उजव्यानंतर १९४०. हलवला नाही. शेरा: विचारलं.